हद्दपारी, मानवाधिकार आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य

(घुसखोरी व मानवाधिकार कायदा या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



परदेशी घुसखोरांचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन टोकांची वक्तव्ये ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे असे, की मानवाधिकार म्हणजे घुसखोरांचे चिलखत. ते आहे तोवर एकही घुसखोर बाहेर जाणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की माणसाला सीमेपलीकडे पाठवणे हीच मुळात अमानुषता. देशोदेशीच्या सीमा या कृत्रिम, माणूस तेवढा खरा. ही दोन्ही वक्तव्ये टाळ्या मिळवतात. परंतु कायद्याच्या कसोटीला त्यांपैकी एकही उतरत नाही. आजच्या व्याख्यानात भावनेचा उद्रेक बाजूला ठेवून, न्यायालयांनी प्रत्यक्षात काय म्हटले आहे आणि आपले राज्य नेमके कोठे कमी पडते, याचा विचार करू.

‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’

आपल्या राज्यघटनेने दोन शब्द अत्यंत विचारपूर्वक वापरले आहेत. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अधिकार कलम १९ देते. तो केवळ नागरिकांना. कायद्यापुढील समानता देणारे कलम १४ आणि जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम २१ मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. या एका भेदात सर्व प्रश्नाचे सार आहे. परकीयाला येथे राहण्याचा हक्क नाही. परंतु तो येथे आहे तोवर त्याच्याशी कायद्यानेच वागले पाहिजे.

हे तत्त्व नवे नाही. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने निःसंदिग्धपणे सांगितले, की परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा शासनाचा अधिकार निरपवाद आहे. १९९१ साली लुई डी राएट या बेल्जियन धर्मप्रचारकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. हे गृहस्थ १९३७ पासून भारतात राहत होते. न्यायालयाने म्हटले, की कलम २१ चे संरक्षण त्यांना आहे, परंतु त्यातून येथे वास्तव्य करण्याचा अधिकार निर्माण होत नाही. अर्धशतकाहून अधिक काळच्या वास्तव्यानेही तो निर्माण झाला नाही.

आंतरराष्ट्रीय करारांविषयीही अनेक गैरसमज आहेत. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पूरक संहितेवर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मात्र आपण १९७९ साली स्वीकारला. त्या वेळी जनता पक्षाचे सरकार होते आणि परराष्ट्रमंत्री होते अटलबिहारी वाजपेयी. या कराराचे कलम १३ परकीयांच्या निष्कासनाविषयी आहे. करार स्वीकारतानाच भारताने नोंदवून ठेवले, की या कलमाबाबत आपला परकीयांविषयीचा कायदा लागू करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवीत आहोत. मानवाधिकारांचा स्वीकार आणि सार्वभौमत्वाचे भान या दोन गोष्टी एकाच दस्तऐवजात कशा नांदतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

युरोपचा अनुभव

मानवाधिकार कायद्याने शासनाचे हात खरोखर बांधले गेले ते युरोपात, आणि त्यातील सर्वांत गाजलेल्या निकालाचा संबंध भारताशी आहे. खलिस्तानी चळवळीशी संबंध असल्याच्या संशयावरून ब्रिटनने १९९० मध्ये चहल नावाच्या शीख गृहस्थास भारतात पाठवण्याचे ठरवले. प्रकरण स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १५ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की छळाचा खरा धोका असेल तेथे कोणालाही पाठवता येणार नाही. ती व्यक्ती राष्ट्रीय सुरक्षेला कितीही घातक असली तरी त्याने फरक पडत नाही. १९५१ च्या निर्वासित करारात देशाच्या सुरक्षिततेला धोका असणाऱ्यांबाबत अपवाद आहे. युरोपीय न्यायालयाने तोही अपवाद ठेवला नाही. पंजाबने दहशतवादाची जी किंमत मोजली, ती आठवणाऱ्या कोणाही भारतीयाला हा निकाल बोचल्यावाचून राहणार नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. जॉर्डनचा धर्मोपदेशक अबू कतादा याला हाकलण्याचा निर्णय ब्रिटनने २००५ मध्ये घेतला. २०१२ च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयाने तो अडवला. कारण असे, की जॉर्डनमधील खटल्यात छळ करून मिळवलेला पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला जाण्याचा धोका होता. ब्रिटिश गृहखात्याने मग काय केले? त्यांनी जॉर्डनशी नवा करार केला, त्यात अशा पुराव्याविरुद्ध हमी मिळवली, आणि ७ जुलै २०१३ रोजी अबू कतादा विमानात बसला. न्यायालयाने दाखवलेली अडचण राजनयाने दूर केली.

याउलट रवांडा योजना पाहा. बेकायदा आलेल्यांना रवांडात पाठवण्याची घोषणा ब्रिटनने २०२२ मध्ये केली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती बेकायदा ठरवली आणि हेही स्पष्ट केले, की छळाच्या तोंडी कोणाला न देण्याचे तत्त्व केवळ युरोपीय करारात नाही, तर इतर करारांत आणि ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यांतही आहे. संसदेने २०२४ मध्ये ‘रवांडा सुरक्षित आहे’ असा कायदाच केला. परंतु सत्तांतरानंतर योजना गुंडाळली गेली. मे २०२५ मध्ये इटली व डेन्मार्कच्या पुढाकाराने नऊ युरोपीय देशांनी जाहीर पत्र लिहून, मानवाधिकार कराराचा अर्थ न्यायालयाने फार ताणला आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला. म्हणजे ज्यांनी जगाला या विषयाचे धडे दिले, तेच आता धड्याची फेरतपासणी करीत आहेत.

या तीन प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष एवढाच, की ज्या शासनाने तयारी केली ते यशस्वी झाले आणि ज्याने केवळ घोषणा केली ते फसले.

आसामात अडथळा कोणी उभा केला?

आता आपल्या घराकडे वळू. आसामात दोन दशके घुसखोरांची परत पाठवणी जवळजवळ ठप्प झाली होती. ती कोणत्या आंतरराष्ट्रीय कराराने झाली? कोणत्याच नाही. ती आपल्याच संसदेने १९८३ साली केलेल्या अवैध स्थलांतरित (न्यायाधिकरणाद्वारे निर्धारण) कायद्याने झाली. देशभर लागू असलेल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर होती. आसामपुरता हा नियम उलटा केला गेला. मूळ तरतुदीनुसार तक्रारदार संशयिताच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागे, त्याने शुल्क भरायचे आणि सिद्धही त्यानेच करायचे!

परिणाम काय झाला तो सर्वोच्च न्यायालयापुढील प्रतिज्ञापत्रांतूनच कळतो. या कायद्याखाली आसामातून जून २००१ पर्यंत १,४९४ जणांची पाठवणी झाली. शेजारच्या पश्चिम बंगालमधून जुन्या परकीय नागरिक कायद्याखाली १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ बांगलादेशी पाठवले गेले. सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर १२ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या त्रिसदस्य पीठाने हा कायदा रद्द केला. बाह्य आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करण्याचे कर्तव्य कलम ३५५ ने केंद्रावर टाकले आहे, आणि हा कायदा त्या कर्तव्याच्या विरुद्ध जातो, असे न्यायालयाने म्हटले. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या चार कायद्यांच्या जागी नवा आप्रवासन व परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यातही सिद्धतेचा भार संबंधित व्यक्तीवरच आहे.

बंधू-भगिनींनो, येथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. घुसखोरांचे चिलखत मानवाधिकाराने घडवले नव्हते. ते मतपेढीच्या राजकारणाने घडवले होते. आणि ते फोडले न्यायालयाने, घटनेच्याच आधारे.

चकमा आणि हाजोंग

आता नाण्याची दुसरी बाजू. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले. त्यात जमिनी बुडालेले आणि अत्याचारांना कंटाळलेले चकमा व हाजोंग लोक १९६४ मध्ये भारतात आले. चकमा प्रामुख्याने बौद्ध, हाजोंग हिंदू. त्यांना तत्कालीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, शासनानेच वसवले. पुढे तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना सप्टेंबर १९९५ अखेर राज्य सोडून जाण्याचा इशारा दिला. गावांची नाकेबंदी होऊ लागली.

तेव्हा सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? राष्ट्रीय मानवाधिकार आयोग. आपल्यापैकी अनेकजण ज्या आयोगाचे नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालतात, तोच आयोग. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे, आणि कोणत्याही संघटनेला मुदत देऊन लोकांना हुसकावून लावता येणार नाही. सुमारे ६५ हजार चकमा-हाजोंग बांधवांना आधार मिळाला तो कलम २१ चा. उद्या हे कलम आपण ‘घुसखोरांचे’ म्हणून टाकून दिले, तर आपल्या दाराशी येणाऱ्या पीडित हिंदू-बौद्धांचे रक्षण कशाने करणार?

मुहूर्त आणि पत्ता

रोहिंग्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी आपल्या नागपूरचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने समतोल साधला. कलम १४ आणि २१ सर्वांना आहे. परंतु परत न पाठवले जाण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो नागरिकांचा आहे. म्हणून स्थगिती नाकारली. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज कोणालाही पाठवू नये, असेही बजावले.

म्हणजे न्यायालय अडवत नाही. मग अडते कोठे? ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आसामातील मातिया येथील केंद्रात ठेवलेल्या ६३ जणांचा प्रश्न न्यायमूर्ती अभय ओक व उज्जल भुयान यांच्यापुढे आला. परकीय म्हणून घोषित झालेल्या या लोकांना का पाठवले नाही, असे विचारता राज्य शासनाने सांगितले, की त्यांचा परदेशातील पत्ता ठाऊक नाही! मुहूर्ताची वाट पाहत आहात काय, असा सवाल न्यायमूर्तींनी केला. परकीय ठरवलेल्याला परत पाठवा असे न्यायालय सांगते आहे आणि प्रशासन पत्ता शोधते आहे, हे चित्र विचार करायला लावणारे आहे.

परत पाठवणी ही एकतर्फी क्रिया नसते. समोरच्या देशाने ‘हा आमचा’ असे म्हणावे लागते. त्यासाठी राष्ट्रीयत्वाची पडताळणी, दूतावासाशी पत्रव्यवहार आणि ठरावीक मुदतीत उत्तर देण्याचे बंधन घालणारा करार आवश्यक आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येत नाहीत. परंतु खरी हद्दपारी याच कामातून होते.

एका चुकीची किंमत

ही कार्यपद्धती टाळून घाई केली की काय होते, हेही २०२५ साली दिसले. मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना जून महिन्यात सीमेपलीकडे लोटण्यात आले; ते भारतीय नागरिक असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एका गर्भवती महिलेसह सहा जणांवर घाईने केलेली अशीच कारवाई कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द केली. आपला देशबांधव परक्या देशाच्या सीमेवर, कोणतेही कागद हाती नसताना उभा राहतो, तेव्हा केवळ त्याच्यावर अन्याय होत नाही. भारतीय नागरिकत्वाची प्रतिष्ठा तेथे उघड्यावर पडते. शिवाय अशा एका चुकीने शंभर योग्य कारवायांविषयी संशय निर्माण होतो आणि खऱ्या घुसखोराच्या वकिलाला आयता युक्तिवाद मिळतो.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच संदर्भात बजावले, की सिद्धतेचा भार व्यक्तीवर असला तरी शासनाने आधी संशयाला काही आधार दाखवला पाहिजे. वाटेल त्याचे दार ठोठावून ‘तू परकीय आहेस’ असे म्हणता येणार नाही. भाषा, नाव वा पेहराव हा आधार नव्हे. बंगाली ही वंदे मातरम् ज्या मातीत जन्मले तेथील भाषा आहे. झवेरी बाजारात दागिने घडवणारा कारागीर बंगाली बोलतो म्हणून तो बांगलादेशी ठरत नाही.

दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक होत नाही. हे योग्यच आहे. खोटी कागदपत्रे करून देणारे दलाल सर्वत्र आहेत. परंतु मग सामान्य नागरिकाने आपले नागरिकत्व दाखवायचे कशाने? वाजपेयी सरकारच्या काळातील २००३ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय नोंदवही व ओळखपत्राची तरतूद कायद्यात आली. आसामात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले आणि त्यांत अनेक बंगाली हिंदूही होते. जुना कागद नसणे हा गरिबाचा दोष असतो, धर्माचा नव्हे. म्हणून नोंदणी हवीच. परंतु ती अचूक हवी, आणि तिच्यावर अपिलाची खरीखुरी सोय हवी.

शरणार्थी आणि घुसखोर

शरणार्थी आणि घुसखोर यांत भेद करणे हे काहींना संकुचितपणाचे वाटते. पण हा भेद आपल्या कायद्यात १९५० सालीच आहे. आसामातून अनिष्ट स्थलांतरितांना काढून टाकण्याचा कायदा त्या वर्षी झाला. पाकिस्तानातील दंगलींमुळे वा त्यांच्या भीतीने विस्थापित झालेल्यांना हा कायदा लागू होणार नाही, असे त्यातच लिहिले आहे. आंतरराष्ट्रीय कायदाही छळाच्या साधार भीतीने आलेला आणि इतर कारणांनी आलेला यांत फरक करतोच.

फाळणीनंतर सिंधी बांधवांनी उल्हासनगर उभे केले. आजही नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली हिंदू कुटुंबे आहेत. २०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा आणि ११ मार्च २०२४ चे त्याचे नियम यांनी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मार्ग मोकळा केला. समानतेच्या तत्त्वाच्या आधारे या कायद्याला आव्हान दिले गेले. त्याचे उत्तर न्यायालयात द्यायचे असते आणि ते देण्याजोगे आहे. परंतु त्या तारखेनंतर आलेल्यांचे काय? १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने २०२४ अखेरपर्यंत आलेल्या पीडित अल्पसंख्याकांना पारपत्राच्या अटीतून सूट मिळाली, नागरिकत्व नव्हे. केवळ आदेशांच्या आधारे पिढ्या काढाव्या लागू नयेत. छळ कोणाचा झाला आणि कोणाचा नाही, हे ठरवणारी स्पष्ट, कालबद्ध यंत्रणा देणारा शरणार्थी कायदा भारताने स्वतःच्या अटींवर करावा, असे माझे आग्रही मत आहे. त्यामुळे खऱ्या पीडिताला लवकर आश्रय मिळेल आणि खोट्या दाव्याचा निकालही लवकर लागेल.

आपले आरोपी परत आणताना

शेवटचा मुद्दा. हा कायदा केवळ माणसे पाठवताना आडवा येत नाही; आणतानाही येतो. विजय मल्ल्यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ ची चित्रफीत मागवली होती. २६/११ च्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याने अमेरिकेत शेवटपर्यंत हाच युक्तिवाद केला, की भारतात माझा छळ होईल. तो फेटाळला गेला आणि १० एप्रिल २०२५ रोजी तो भारतात आणला गेला. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने तिहार तुरुंगातील धोक्याचे कारण देत एका संरक्षण-सल्लागाराचे प्रत्यार्पण नाकारले. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात ती द्यावी अशी शिफारस केली. या करारास मान्यता देणे म्हणजे परकीयांपुढे मान तुकवणे नव्हे; आपल्या आरोपींच्या हातातील ढाल काढून घेणे होय.

आपण काय करावे?

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आपल्या वस्तीत खोटे दाखले देणारा दलाल वा कर्मचारी असेल तर त्याची लेखी तक्रार करावी. बेकायदा कामगारांना स्वस्तात राबवणाऱ्या ठेकेदाराला प्रश्न विचारावा, मग तो आपल्या ओळखीचा असला तरी. पाकिस्तान-बांगलादेशातून आलेल्या पीडित कुटुंबांचे अर्ज भरून द्यावेत. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : वस्तीत जाऊन लोकांचे कागद स्वतः तपासणे आणि मुदती देणे. ज्या अधिकारापासून अरुणाचलातील संघटनेला न्यायालयाने रोखले, तो अधिकार आपल्यालाही नाही. संशय असेल तर पोलिसांना कळवावे. निर्णय न्यायाधिकरणाला करू द्यावा.

आपल्या परंपरेने राजाला दंड दिला, पण तो दंड धर्माच्या अधीन ठेवला. शरण आलेल्याला अभय आणि अतिक्रमण करणाऱ्याला शासन, ही दोन्ही राजाची कर्तव्ये मानली गेली. त्यांतले एकच पाळून चालत नाही, आणि कोण शरणागत व कोण अतिक्रमक हे शांतपणे पारखल्यावाचून दोन्हींपैकी एकही पाळता येत नाही. ती पारख करण्याचे सामर्थ्य ज्या राज्यात आहे, त्याला मानवाधिकाराचे भय बाळगण्याचे कारण नाही. तसे राज्य घडवण्यासाठी आग्रह धरणे, हे आपले काम आहे.

 वंदे मातरम्!